शिवणीवरची पट्टी

ओठांत धरलेल्या टाचण्या बाबांनी एकेक करून काढल्या, मशीनवरच्या टाचण्यांच्या उशीला टोचल्या आणि टीव्हीचा आवाज बारीक केला. म्हणजे काहीतरी महत्त्वाचं बोलायचं होतं. एरवी ते टाचण्यांमधूनच बोलत.

“ही बाई आत्ता जे बोलली, ते खरंच बोलली का गं?”

पडद्यावर ते घर होतं. शंभर दिवस कॅमेऱ्यांच्या पहाऱ्यात कोंडून घेतलेली बारा माणसं, आणि त्यांतली ही पन्नाशीची स्वयंपाकीण. सगळे तिला मावशी म्हणत. सर्वांत लहान मुलीकडे बोट दाखवून ती नुकतीच म्हणाली होती, “या पोरीला मी या घरात टिकू देणार नाही.”

बाबा या कार्यक्रमाला निव्वळ उकिरडा म्हणत आणि त्याचा एक भाग चुकवत नसत. गिऱ्हाईक आलं तर जाहिरात लागेपर्यंत थांबवून ठेवत. शेवटी नावं भराभरा वर सरकू लागली की चष्मा नाकावर ओढून टीव्हीपाशी जात. ‘संकलन’च्या खाली लेकीचं नाव क्षणभर दिसे. “गेलं,” एवढंच म्हणत आणि परत मशीनवर बसत. चांगलं की वाईट, ते कधी बोलले नाहीत. तिनेही कधी विचारलं नाही.

“‘पोरीला’ म्हणाली आणि लगेच हिचं तोंड गेलं, त्या पोरीचं आलं,” बाबा म्हणाले. “का? आमची शिवण वाकडी गेली की आम्ही वरून पट्टी लावतो. तसं वाटलं मला.”

ती पायजम्याला चिकटलेला दोरा काढत राहिली. मावशीचं मूळ वाक्य तिला पाठ होतं: ‘या पोरीला कोणी रडवलं ना, तर त्याला मी या घरात टिकू देणार नाही.’ मधले पाच शब्द तिने काढले होते. जोड झाकायला मुलीचा घाबरलेला चेहरा लावला होता. तो तीन दिवस आधीचा, झुरळ पाहिल्यावरचा.

“तसं नसतं हो बाबा. बोलली ती.”

“खरंच?”

“खरंच. काहीही काय!”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग टाचण्या एकेक करून पुन्हा ओठांत धरल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी शर्टाची बाही टाचताना ते खुर्चीवर टेकले, ते उठलेच नाहीत.

त्या भागाने चॅनेलचे आकडे चढवले. ऑफिसात केक कापला गेला. तिचा तुकडा कोणीतरी फ्रिजमध्ये ठेवला होता. ती कामावर परतली तेव्हा तो वाळून गेला होता.

तीन आठवड्यांनी लोकांचे कपडे परत करायला तिने दुकान उघडलं. शेजारचा इस्त्रीवाला चहाचे दोन कप घेऊन आला आणि बाबांची खुर्ची सोडून स्टुलावर बसला.

“गेली बघ ती मावशी. मतं देऊन काढली लोकांनी. बाहेर आली तर गेटवर शिव्या. तिच्या नातीलाही शाळेत चिडवतात म्हणे.”

ती मानेनेच हो म्हणाली. तिच्या हातात ती अर्धवट बाही होती, बाबांनी टाचलेली. एकेक टाचणी काढून ती नकळत ओठांत धरत होती.

“मास्तरांचं आणि माझं शेवटचं भांडण तिच्यावरनंच,” इस्त्रीवाला हसला. “ते गेले त्याच दिवशी सकाळी. मी म्हटलं, मास्तर, यात काहीतरी कापाकापी आहे, बाईचा आवाज मध्येच उडी मारतो. तर असले भडकले! म्हणे, ‘चाळीस वर्षं शिवतोय मी. नीट बघितलंय. तिथे शिवण नाही.’ पुढे मी काय बोलणार? शिवणीतलं त्यांना कळणार की मला?”

बाही तिच्या मांडीवर पडली.

“चहा घे गं. निवतोय.”

तिने ओठांतल्या टाचण्या काढल्या. एक, मग दुसरी, मग तिसरी. उशीला टोचल्या.

“होती, काका.”

“काय होती?”

“शिवण. बाबांना दिसली होती. मावशी तसं बोललीच नव्हती. मी कापलं ते. त्यांनी विचारलं, तेव्हाही मी खोटं बोलले.”