हद्द ओलांडली की भरू

मी एक आकडा बोलतोय. स्टेअरिंगच्या मागे जी छोटीशी काच असते, तिच्या खालच्या कोपऱ्यात माझा मुक्काम. टाकीतल्या पेट्रोलवर गाडी अजून किती किलोमीटर जाईल, एवढंच मला सांगता येतं. या एका प्रश्नाचं उत्तर देऊन देऊन मी थकलोय. माणूस असतो तर एव्हाना केस पिकले असते.

आधीच एक सांगून टाकतो, म्हणजे मागाहून गैरसमज नको. पुढचा रस्ता मला दिसत नाही. चढ लागेल की उतार, दोघं बसतील की सहा जण, मला काही ठाऊक नसतं. मी फक्त मागे पाहतो. आतापर्यंत गाडी किती पेट्रोलात किती पळाली ते बघतो आणि पुढेही तशीच पळेल असं धरून चालतो. कालचा रस्ता सुखाचा असला की आजचा माझा आकडाही सुखाचा. लोक मात्र मला ज्योतिषी समजतात आणि चुकलो की खोटारडा म्हणतात.

माझे पहिले मालक माळशिरसकडचे उदयसिंह. उसाचे बागायतदार. टाकी अर्धी झाली की भरून टाकायचे आणि माझ्याकडे ढुंकूनही पाहायचे नाहीत. तेव्हा मला वाटायचं, काय हा जन्म, कुणी विचारतही नाही. त्या दिवसांची किंमत पुढे कळली. त्यांनी मोठी गाडी घेतली आणि आमची गाडी सोलापुरात चन्नवीरकडे आली.

चन्नवीरचं कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं दुकान. रोज सकाळी डिकीत भाकरीच्या थप्प्या भरायच्या आणि हायवेनं मोहोळपर्यंतच्या ढाब्यांवर पोचवायच्या. कडक भाकरीला वजन ते कितीसं. त्यातून माणूस हलक्या पायाचा, म्हणजे ॲक्सिलरेटरवर. उतार दिसला की गाडी न्यूट्रल. त्यामुळे मी कधी कधी उतरायचं सोडून दोन-चार किलोमीटरनं वर चढायचो. मग घरी जाऊन तो बायकोला, काशम्माला, सांगायचा, "चालता चालता वाढतंय बघ." जणू गाभण म्हैस व्याली.

पेट्रोल फारच कमी उरलं की मी आकडा सांगणं बंद करतो आणि नुसत्या दोन रेघा दाखवतो. त्याचा अर्थ, बाबा रे, आता मला विचारू नकोस. एकदा मोहोळहून रिकामा परतताना अशा रेघा आल्यावरही चन्नवीरची गाडी वीस किलोमीटर येऊन घरी लागली. झालं. तेव्हापासून रेघा म्हणजे वीस, हे त्यानं मनात कोरून ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो हे कौतुकानं सांगायचा. मी काय बोलणार?

काशम्माचं माहेर अक्कलकोटच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीच्या जरा अलीकडे. हद्द ओलांडली की पहिलाच पंप, आणि तिकडे पेट्रोल थोडं स्वस्त. त्या अंगाला जाणारा माणूस सोलापुरात टाकी भरत नाही. चन्नवीर तर माहेरची वारी ठरली की चार दिवस आधीपासून टाकी रिकामी होऊ द्यायचा. "हद्द ओलांडली की भरू," हे त्याचं ठरलेलं. बायको माहेराहून भरल्या ओटीनं परतायची आणि गाडी भरल्या टाकीनं.

काशम्माचा भाऊ सोमशेखर फाट्यावर वडाच्या पारावर बसून वाट बघायचा. गाडी थांबली की खिडकीतून आत डोकावून आधी मला बघायचा आणि हसायचा. "दाजी, आज आकड्यावर आलाय की रेघांवर?" मग बहिणीला म्हणायचा, "बा अक्का." ये, ताई. त्या दोन शब्दांसाठी काशम्मा वर्षभर दिवस मोजायची, हे मी तिच्या तोंडावर पाहिलंय. मला तो माणूस आवडायचा. माझी चेष्टा करायचा, पण त्यानं मला कधी शिव्या घातल्या नाहीत.

तो सोमशेखर एका गुरुवारी सकाळी गेला. फोन आला तेव्हा दुपार कलायला लागली होती. त्यांच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून मूठमाती देतात, आणि दिवस मावळायच्या आत देतात. काशम्मा रडली नाही. एवढंच म्हणाली, "मला त्याचं तोंड बघायचं हाय. माज्या हातची माती पडू द्या त्याच्यावर."

गाडी नुकतीच मोहोळहून हलकी होऊन आली होती. मी चौऱ्याहत्तर दाखवत होतो. माहेरचं गाव पंचावन्न किलोमीटरवर. चन्नवीरनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि किल्ली फिरवली. तो, काशम्मा, मुलगी काव्या आणि भावकीतली तिघं कोंबून बसली. डिकीत फुलांची करंडी आणि नवं धोतर. एका म्हातारीला घेरी येत होती म्हणून एसी लावला.

सोलापूर सुटायच्या आत काशम्मा म्हणाली, "वाटंत भरून घ्या की."

"चौऱ्याहत्तर दाखवतंय. पंपावर कशाला थांबू? तुला येळेवर पोचवायचं हाय."

खोटं नव्हतं ते. पुढच्या ट्रकमागे तो सारखा हॉर्न वाजवत होता. पण माझे चौऱ्याहत्तर हे भाकरी उतरवून एकट्यानं आलेल्या गाडीचे होते, सहा माणसांच्या गाडीचे नव्हते. पुढे पुलाचं काम निघालं होतं, गाडी धुळीच्या वळणावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडत गेली. रस्ता एक किलोमीटर सरला की मी दोननं उतरायचो. अक्कलकोटात गुरुवारची ही गर्दी. पंपावर दारापर्यंत रांग. आता मी बावीसवर होतो आणि गाव वीसवर.

"अप्पा, पंप," मागून काव्या म्हणाली.

काशम्मा शेजारी बसून घर सोडल्यापासून मलाच बघत होती. ती म्हणाली, "अवो, नुसतं डब्यातलं पीठ बघून पुरंल का सांगता येत न्हाई. पंगतीला कोण बसलंय ते बघावं लागतंय. आज सहा माणसं हायत."

"रांगेत हुबं ऱ्हायलो तर दिवस हितंच मावळंल. रेघा आल्या तरी आपली गाडी वीस जातीया."

गाडी पंपावरून पुढे गेली. थोड्याच वेळात मी रेघा दाखवल्या. माझ्याकडे याहून मोठा आवाज नाही. मग दोन्ही बाजूंना तुरी असलेल्या एका चढावर गाडीला आचके बसले आणि ती उभी राहिली. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? गाव अजून दोन कोस होतं.

 काशम्मा उतरली, धोतराचं पुडकं काखेत घेतलं आणि चालायला लागली. तेवढ्यात मागून सिदू नावाचा तिथलाच एक गडी मोटारसायकलवरून आला. त्यानं तिला मागे बसवलं. बाकीचे पायी निघाले. चन्नवीर मात्र गाडीतच बसून राहिला. तो किल्ली फिरवायचा, माझ्याकडे बघायचा, बंद करायचा, पुन्हा फिरवायचा. जणू मी मन बदलीन. आयुष्यात मला कुणाचं इतकं वाईट वाटलं नाही.

तुरीच्या शेंड्यांवरचं ऊन गेलं तेव्हा सिदू पेट्रोलची बाटली घेऊन परत आला.

"पोचवलं मावशीला," तो म्हणाला. "पर माती देऊन झाली हुती. सावित्रम्मांनी, म्हंजी गेलेल्याच्या मालकिणीनं, लई येळ धरून ठिवलं समद्यास्नी. अक्का निगालीया, येतीयाच म्हणत हुत्या. मग मठाचे सामी म्हणले, दिवस थांबत न्हाई. मावशीनं वरनं मूठभर माती टाकली."

"तोंड?"

"न्हाई."

चन्नवीरनं बाटली हातात घेतली, पण ती टाकीत ओतायला सिदूलाच पुढे व्हावं लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं हद्द ओलांडून टाकी काठोकाठ भरली. सवयच ती. परतताना काशम्मा मागे बसली. फाट्यावरचा रिकामा पार मागे पडला तेव्हा चन्नवीर म्हणाला, "ह्यो आकडाच खोटा निगाला."

मागून शांत आवाज आला. "त्याला नावं ठेवू नका. त्यो भराभर कमी हुत हुता, मी बघत हुते. तुमी त्याचं ऐकलं न्हाई. माजंबी न्हाई."

 माझी बाजू घेणारं जगात एकच माणूस निघालं, आणि तेही त्या दिवशी.

तुमच्याही गाडीत माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला जरूर विचारा, पण त्यानं सांगितलं म्हणजे झालं असं धरू नका. तो मागचं सांगतो, पुढचं तुम्हाला पाहायचं आहे. शेजारी बसलेलं माणूस काही म्हणत असेल तर तेही ऐका. आणि रेघा दिसल्या तर कृपा करून फुशारकी मारू नका.

आता माझं म्हणाल तर मी निवांत आहे. चन्नवीर कधी टाकी अर्धी होऊ देत नाही, सोलापुरातच भरतो, स्वस्ताचं नाव काढत नाही. उतारावर न्यूट्रलही करत नाही. रोज सकाळी भाकरीच्या थप्प्या ठेवून झाल्या की गाडी चालू करतो आणि दारातल्या बायकोला ऐकू जाईल असं म्हणतो, "चारशेच्या वर दाखवतंय. जाऊन यायचं का म्हायेरला?"

काशम्मा उंबऱ्यावर पाणी शिंपडत असते. वर बघत नाही.

"साकु," म्हणते. पुरे. "आता फाट्यावर कोण बसलंय?"

मग तो मोहोळच्या रस्त्याला लागतो. मी त्याला दिवसभर चारशे दाखवत राहतो.