जुन्या प्रवाशांना सूट

खोटं बोललं की बाईंना तोंडावरून कळतं, असं मी अंगणवाडीतल्या पोरांना रोज सांगते. सव्वीस वर्षं सांगत आले. आता कोणत्या तोंडानं सांगू?

आमचे हे, बाळाराम, रिटायर झाले तेव्हा मी म्हटलं, मला जहाजातून जायचंय. शेणव्याच्या बाईनं तानसा धरण आणि दादरची चौपाटी सोडून पाणी बघितलंय कुठं? दोन महिने मी मोबाइलवर नुसती जहाजं बघत होते. कंपनी कोणती, मजले किती, जेवायला मासळी आहे का, संडास खोलीतच आहे ना. सगळं बघून श्रीलंकेला जाणारं एक जहाज नक्की केलं. अनुराधापूरच्या बोधिवृक्षाला जोडीनं हात जोडायचे. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, जोडीनं आमी गेलोय कुठं? चैत्यभूमीला आणि ह्यांच्या भावकीतल्या लग्नांना. पासपोर्टसुद्धा मीच मागे लागून काढले.

हे मात्र त्या कंपनीचं नाव काढलं की नाक मुरडायचे. "ती नको. चहाला लाइन लागते, आणि खालच्या खोल्यांत इंजिनाची धडधड येते." मला मेलीला कौतुक वाटायचं, नवरा पण अभ्यास करतोय म्हणून.

शनिवारी आमी शहापूरला काजलच्या दुकानात गेलो. स्टँडसमोर तिचं तिकिटांचं दुकान आहे, पोरगी हुशार. तिथंही ह्यांनी एकदा करून बघितलं, "दुसऱ्या कंपनीचं गोव्याचं बघ ना गो, दोन दिवसांत परत." मी ऐकलं नाय. ह्यांचा मोबाइल नंबर काजलला मीच सांगितला.

तिनं नंबर टाकला आणि हसली. "काका, तुमी तर यांचे जुने प्रवासी. जुन्या प्रवाशांना सूट आहे."

"चुकलं असेल काहीतरी," हे म्हणाले.

"नाय काका, नाव आहे की. गेल्या वर्षी फेब्रुवारी, मुंबई ते लक्षद्वीप, पाच रात्री. प्रवासी एक."

गेल्या वर्षी फेब्रुवारीत हे दहा दिवस इगतपुरीला विपश्यनेला बसले होते. बॅग मीच भरली होती, पांढरे कपडे इस्त्री करून. दहा दिवस मौन, फोन जमा, घरच्यांनी त्रास द्यायचा नाय. आणि सहाव्या दिवशी माझ्या पोटात अशी कळ उठली की शेजारच्या धोंडूबाईनं गाडी करून मला कल्याणला नेलं. अपेंडिक्स फुटायला आलेलं. डॉक्टर म्हणाले, मिस्टरांना बोलवा. धोंडूबाई म्हणाली, इगतपुरीला फोन लावू, ऑफिसात निरोप घेतील. मी म्हटलं, खबरदार. त्यांचं मौन मोडायचं नाय. ऑपरेशनच्या कागदावर माझी मीच सही केली, आणि नर्सला वर मान करून सांगितलं, माझा नवरा ध्यानाला बसलाय.

जहाजावर पाच रात्री. उरलेले दिवस कुठं होते, ते मी अजून विचारलं नाय.

काजल शहाणी, पाणी आणते म्हणून उठून गेली. मी ह्यांना विचारलं, "कोण होती?"

"कोणी नव्हती. एकच प्रवासी, ऐकलंस ना."

"मग कशाला?"

"कोणाशी बोलायचं नव्हतं मला, संघरत्ना. ऑफिसात साहेबाचं तोंड, घरात तुझं. थोडे दिवस नुसतं गप्प बसायचं होतं."

"त्यासाठीच इगतपुरी होती ना?"

"तिथं पहाटे चारला उठवतात," हे म्हणाले.

खरं सांगते, बाई असती तर बरं झालं असतं. तिच्या नावानं बोटं मोडली असती, चार बायका गोळा करून तिच्या दारात गेले असते. इथं कोणाच्या दारात जाऊ? ह्यांना माझ्याच आवाजापासून लांब जायचं होतं, आणि मी तिकडं टाके घालून घेताना ह्यांची शांतता राखत बसले. इतकं वाईट मला ऑपरेशनच्या वेळी पण वाटलं नव्हतं.

तिकीट न काढताच मी बाहेर आले. समोर मुरबाडची एसटी लागली होती. मुरबाड माझं माहेर. मी सरळ तिकडं चालायला लागले तसे हे मागून आले.

"आपण जाऊ या ना लंकेला," हे म्हणाले. "तू म्हणशील ते जहाज, तू म्हणशील ती खोली."

मी थांबले. "परत आलात आणि माझे टाके बघून पायाशी बसून रडलात. मी सगळ्यांना सांगत फिरले, ध्यानानं माणूस किती मऊ झाला. ते रडणं तरी खरं होतं का?"

"खरं होतं गो. आईशपथ."

ह्यांचे डोळे भरून आले होते. तेव्हाही अगदी असेच भरून आले होते. मी बघत राहिले, आणि मला काही केल्या कळेना की ह्यांचं खरं कसं दिसतं.