पऱ्ह्यांपायी

गुणाबाईने डोक्यावर पदर ओढला, गुडघे सारवलेल्या जमिनीवर टेकले म्हणण्यापेक्षा आपटलेच, आणि प्रचारक पत्रूजींचं "आता कोणी बहीण प्रार्थना करील" हे वाक्य पुरं व्हायच्या आत तोंड उघडलं.

"हे प्रभू, तुले तं सारं दिसते. या गावात कोण काय करून राह्यलं, तुह्यापासून काही लपत नाई."

प्रार्थनाघरातल्या सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. कान मात्र टवकारले. तिच्या नवऱ्याने, दसरूने, मान खाली घातल्या घातल्या घसा खाकरला. पण गुणाबाई आता थांबते कसली! प्रार्थनेचा एक नियम तिला पक्का ठाऊक होता: आमेन होईपर्यंत मधे कोणी बोलायचं नाही. घरी तिचं बोलणं जो तो तोडायचा, नवरा तोडायचा, दीर तोडायचा. इथे तोडायला कोणाची माय व्याली होती?

"आमची एवढीशी धानाची बांधी, प्रभू. तिच्यात लावाले मी पऱ्हे टाकले. वीतभर झाले होते, हिरवेगार. अन् एक बाई म्हशी राखाले गेली अन् डोळे मिटून बसली! म्हशीनं खाल्ले तेवढे खाल्ले, बाकीचे तुडवले. आता रोवणी करू तं कशाची करू? माह्या डोक्याच्या केसाची? वर्षभर लेकराले काय शिजवून घालू? लोक म्हणते, ते बाई प्रार्थना करत होती. डोळे उघडे ठेवून बोलली असती तुह्याशी, तं तुहं काय जात होतं?"

'एक बाई' दोन हातांवर बसली होती. कांता, गुणाबाईची धाकटी जाऊ.

झालं होतं असं. ऐन आषाढात गुणाबाईच्या गुलाबला हिवताप चढला, पोरगी बरळायला लागली. नवरा-बायकोने तिला बैलगाडीत घालून सिंदेवाहीच्या दवाखान्यात नेलं. दोन्ही घरची जनावरं कांताच्या गळ्यात पडली. पोरगी बरी होऊन घरी आली, आणि गुणाबाई शेतावर जाऊन पाहते तर पऱ्ह्यांच्या, भाताच्या रोपांच्या, जागी नुसता चिखल. शेजारच्या झिंगूने पाहिलं होतं, कांता मोहाच्या झाडाखाली गुडघे टेकून, डोळे मिटून बसलेली. म्हैस कोणाची, तर तीही गुणाबाईचीच. आपलीच म्हैस, आपलेच पऱ्हे. म्हशीशी भांडून काय होणार? मग कांताशी बोलणं बंद. नवे पऱ्हे टाकायची वेळ टळून गेली होती, आणि रोवणीच्या दिवसांत आपले पऱ्हे दुसऱ्याला कोण देतो? गुणाबाई गावभर पदर पसरून आली होती. कोणी दिले नाहीत.

"अन् पत्रूभाऊ म्हणते, विश्वासणाऱ्यानं आनंदात राहावं," तिचा आवाज आणखी चढला. "त्याइचे पऱ्हे शाबूत हायेत, प्रभू. मंग काऊन नाई राहणार आनंदात? माहे खाल्ले. मले नाई होत आनंद. होत नाई तं होत नाई, खोटं कायले बोलू तुह्यापुढं! येशूच्या नावानं, आमेन."

दोनचार जण तोंडातल्या तोंडात आमेन पुटपुटले. बाकीच्यांना त्याला होकार द्यावा की नाही तेच कळेना.

मग कांताचा आवाज आला. कांता एरवी प्रार्थना करायची ती पुस्तकी भाषेत, लांबलचक. गुणाबाईला त्याचाही राग होता. आज मात्र ती घरच्यासारखी बोलली.

"प्रभू, बाई बोलल्या ते खरं हाये. चूक माहीच."

गुणाबाईने ओठ घट्ट दाबले. कबूल केलं म्हणून पऱ्हे उगवतात होय?

"त्या दिवशी झिंगूभाऊ सांगाले आला, गुलाबचं काही खरं नाई म्हणते. तिथंच बसली मी. म्हशीचं ध्यानच नाई राह्यलं. तुले एकच मागतलं, पोरीले घरी आण. तू आणलं." कांताने नाक ओढलं. "पऱ्हे राख म्हणून मागाचं सुचलंच नाई मले. दोन्ही मागता आलं असतं. तू देल्लं असतं."

आणि ती आमेन म्हणायचंही विसरली.

गुणाबाईने डोळे उघडले. प्रार्थनेत उघडायचे नसतात, पण उघडले. गुलाब तिच्या मांडीला टेकून बसली होती, डास चावला होता तिथे पोटरी खाजवत. गाल अजून बसलेले, पण खाजवणं जोरात चाललं होतं.

दोन्ही मागता आलं असतं! बाजारातून आणायच्या सामानात मीठ राहून जावं, तशी चुकचुकत होती बया. गुणाबाईने पदर तोंडात कोंबला, तरी हसू फुटलंच. भर प्रार्थनेत, सगळ्यांसमोर. दसरूने दचकून मान वर केली. पत्रूजींनी एक डोळा उघडला. गुणाबाईला हसू आवरेना, आणि आवरत नाही म्हणून स्वतःचाच संताप येत होता. पऱ्हे आले नव्हते, येणारही नव्हते. आणि तरी इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला आतून बरं वाटत होतं, अगदी आनंद झाला होता. मेल्या आनंदाला काही वेळकाळ?

उपासना सुटल्यावर तिने कांताला बाहेर गाठलं.

"मले सांगितलं काऊन नाई?"

"तुमी दार कुठी उघडलं, बाई?"

गुणाबाईने विषय बदलला.

"तुह्ये पऱ्हे किती हायेत?"

"आमच्या बांधीपुरते. पण अर्धे तुमचे. दोन्ही बांध्यात पातळ-पातळ लावू."

"पातळ लावून धान होते का? अक्कल नाई तुले काडीची! तुह्याच बांधीत लावू सारे, नीट लावू. माही राहीन औंदा पडीत. अन् धान येईन ते दोघीच्या घरी."

"अन् ह्याइले काय सांगू?"

"तुह्या नवऱ्याले मी पाहून घेईन. तू सकाळी लवकर ये, पऱ्हे उपटाले."

कांताने मान हलवली. तिचे डोळे भरलेले होते आणि ओठ हसायला लागले होते.

"हसू नको," गुणाबाई खेकसली. "मी अजून रागातच आहो."

आणि स्वतःचं तोंड जावेला दिसू नये म्हणून गुलाबचा हात धरून ती तरातरा पुढे निघाली.