पुलाजवळचा प्रश्न

मित्रांनो, मी आता जुना झालो आहे. संगणकावरच्या खेळांच्या जगात पंधरा वर्षं म्हणजे म्हातारपणच. निळ्या डबीतल्या एका तबकडीवर माझं सारं राज्य मावलेलं आहे. त्यात डोंगर आहेत, नद्या आहेत, नऊ गावं आहेत आणि आग ओकणारा एक ड्रॅगन आहे. नेकनूरजवळच्या ज्या वस्तीवर मी सध्या राहतो, तिथे मला ‘राजाचा खेळ’ म्हणतात. राजा होणं माझ्यात अगदी शेवटी येतं, आणि तिथवर या घरातलं कुणी गेलेलं नाही. का गेलं नाही, ते सांगताना माझी मान खाली जाते. तरी सांगतो.

मला घडवणारी चाळीस माणसं होती. दूरच्या एका थंड शहरात ती चार वर्षं खपली. त्यांतला एक जण नुसतं गवत रंगवत असे. वाऱ्यानं गवत कसं वाकतं ते पाहायला तो जेवणाच्या सुट्टीत माळावर जाऊन बसे. अशा हातांनी घडल्यामुळे माझ्यात काही गुण आले. मला घाई नव्हती. खेळणारा लढाई सोडून दिवसभर नदीकाठी बसला, तरी मी रागावत नसे. सरदाराच्या घरी जन्मायचं, लोहाराच्या की मेंढपाळाच्या, हे त्याचं तो ठरवी. डोंगर दिसला की त्यावर चढता येई.

दोषही होते. माझे गावकरी जन्मभर एकेकच वाक्य बोलत. पिशवीत एक औषधी मुळी जास्त झाली की माझा शूर नायक ओझ्यानं जागचा हलत नसे. एक लढाई जमली की पुढच्या शंभर तशाच. पण हे दोष मला कधी बोचले नाहीत. बोचतो तो एकच.

माझ्यातल्या मेंढपाळाच्या कथेत एक पूल आहे. ड्रॅगन येणार अशी दवंडी पिटली जाते आणि पडद्यावर प्रश्न उमटतो: तुझा कळप कुठे नेशील? पुलापलीकडे, जंगलात, की गावातच ठेवशील? तीन उत्तरांचे तीन वेगळे परिणाम व्हायचे होते. पण मला बाजारात आणायची तारीख ठरलेली होती. वेळ संपला. घडवणाऱ्यांनी एकच चित्र तयार केलं आणि तिन्ही वाटा त्यालाच नेऊन जोडल्या. काहीही निवडा, कळप जळतोच. आणि माझ्या डबीवर मात्र छापलं गेलं, ‘तुमची निवड, तुमचं नशीब’. त्या वचनासाठी मला किती नावाजलं गेलं! मीही ते कौतुक मुकाट्यानं घेतलं.

बरीच वर्षं मी बीडमध्ये खाजामियाँ मिस्त्रींच्या घरी होतो. त्यांची मुलगी आयशा मला तीन वेळा खेळून राजा झाली. मग तिनं मला कॉलेजातल्या मैत्रिणीच्या, स्वप्नाच्या, हातात ठेवलं.

“घेऊन जा. हिंडायला लई मजा हाय यात,” आयशा म्हणाली. “पण शेवटाकडं बकवास हाय, आत्ताच सांगते. मंग म्हणशील आयशानं फसवलं.”

“तुला काय, तू राजा झालीस. मला निदान गाव तरी बघू दे,” स्वप्ना हसत म्हणाली.

स्वप्नाच्या घरी तिचे आजोबा होते. सिदू आबा. सारा जन्म मेंढरांमागे गेलेला. वर्षापूर्वी ओढ्यात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं आणि तेव्हापासून काठीनं दारापर्यंत गेले तर गेले, एरवी खाटेवरच. मोठा कळप हळूहळू ओसरला होता, बारा मेंढरं उरली होती. शेजारच्या भिवराबाई आपल्या कळपाबरोबर त्यांना चारून आणत. पण त्या तरी किती दिवस करणार? आबा दिवसभर पत्र्याकडे बघत पडून राहत. कुणाशी बोलत नसत.

स्वप्नानं लॅपटॉप खाटेजवळ ठेवून मला सुरू केलं आणि मेंढपाळाचं घर निवडलं. माझं गवत हललं तसे आबा कोपरावर उठून बसले.

“कुणाचं रान हाय गं हे?”

“खेळातलं हाय, आबा. खोटं.”

“चारा बाकी झ्याक हाय.”

त्या दिवसापासून आबा माझ्यात हिंडू लागले. बोटं स्वप्नाची आणि डोळे त्यांचे. तिनं कळप पुढून ओढायला घेतला की ते ओरडत, “मागं ऱ्हा, पोरी! मेंढरामागं चालायचं असतंय.” माझ्या वेशीवर एक म्हातारा उभा असतो. कुणीही जवळून गेलं की तो म्हणतो, आज वारा फार सुटलाय. स्वप्नानं ते मराठीत सांगितलं. आबांनी लगेच उत्तर दिलं, “व्हय गा, सुटलाय खरा.” पुढे तो म्हातारा शंभर वेळा तेच बोलला आणि आबांनी शंभर वेळा उत्तर दिलं.

“आबा, त्याला ऐकू येत न्हाई,” स्वप्ना हसून लोळायची.

“न्हाई तर न्हाई. माणूस बोललं की तसंच म्होरं जाऊ न्हाई.”

मित्रांनो, मला राजे भेटले, सरदार भेटले, पण माझ्या त्या लाकडी म्हाताऱ्याला इतका मान कुणी दिला नव्हता. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, आपल्याकडे याच्याशी बोलायला दुसरं एखादं वाक्य असतं तर!

एका दुपारी ते पुलाजवळ पोहोचले आणि माझा प्रश्न पडद्यावर आला. नेमक्या त्याच सकाळी आबांना घरातही एक प्रश्न विचारला गेला होता. त्यांचा मुलगा सोमेश्वर नेकनूर-बीड रस्त्यावर जीप चालवतो. कामावर जाता जाता तो दारातूनच म्हणाला होता, “आबा, मेंढरं ठेवायची का कुणाला द्यायची? तुमी सांगताल तसं.”

स्वप्नाला ठाऊक होतं की हे विचारणं नुसतं तोंडदेखलं आहे. कडा गावचे मेंढपाळ आप्पाराव यांना मेंढरं विकायचा शब्द तिच्या वडिलांनी चार दिवस आधीच दिला होता. सोमवारी टेम्पो येणार होता. तिनं फोनवरचं बोलणं ऐकलं होतं, पण तिची जीभ उचलली नाही.

आबांनी दोन्ही प्रश्न मनावर घेतले. माझ्या प्रश्नावर ते दोन दिवस विचार करत होते. “जंगलाच्या कडंला पाणी हाय का, बघून ये,” असं म्हणत आणि स्वप्ना नायकाला तिथवर नेऊन परत आणी. पुलाचे कठडे किती उंच, वारा कुठून, गावात आडोसा किती, सगळं त्यांनी पाहून घेतलं. मी सगळं दाखवत राहिलो. दाखवता येत होतं ना! मधेच ते काठी टेकत दारापर्यंत जात आणि आपली बारा मेंढरं न्याहाळत. दोन प्रश्न एकमेकांत मिसळत होते आणि मला दोन्हींची उत्तरं आधीच माहीत होती.

रविवारी दुपारी ते म्हणाले, “जंगलात घाल. वढ्याच्या अंगानं.”

स्वप्नानं निवडलं. पडदा काळा झाला, मग लाल. कळप जळाला.

“माझं चुकलं,” आबा पुटपुटले. “पुलावरनं न्यायला पायजे व्हतं.”

तिनं खेळात मागे जाऊन पूल निवडला. तेच चित्र. गाव निवडलं. तेच चित्र, तीच आरोळी, शेवटच्या मेंढराची तीच धडपड. मला कुठे तोंड लपवावं कळेना. आबांनी पडद्याकडे बोट केलं.

“तिन्ही वाटा तिथंच जायच्या व्हत्या, तर मला इचारलं कावून?”

ते मला म्हणाले होते. पण दारात सोमेश्वर उभा होता. जेवायला आलेला, हातात जीपची किल्ली. त्याचा चेहरा उतरला. स्वप्नानं त्याच्याकडे पाहिलं आणि तिलाही राहवलं नाही.

“पप्पा, आबांना खरं सांगा. न्हाईतर मी सांगते.”

सोमेश्वर खाटेच्या पायथ्याशी बसला. “आबा, उद्या टेम्पो येणार हाय. म्या आधीच शब्द देऊन बसलो. तुमाला उगंच इचारलं.”

“मलाबी ठाव व्हतं,” स्वप्ना रडत म्हणाली.

आबा रागावले नाहीत. ते रागावले असते तर दोघांनाही, आणि मलाही, बरं वाटलं असतं. सोमेश्वरनं खिशातून फोन काढला. “आता खरं इचारतो, आबा. तुमी ठेवा म्हणलं तर आप्पारावला आत्ता नको म्हणून सांगतो. माझी इज्जत गेली तर जाऊ द्या.”

आबांनी खूप वेळ घेतला. त्यांना कुणी घाई केली नाही.

“धा जाऊ दे,” शेवटी ते म्हणाले. “मला आता निभत न्हाई. दोन गाभण हायत, त्या ऱ्हाऊ दे दारात. आन् टेम्पो नको. आप्पारावाला म्हणावं, तुजा कळप घिऊन ये आन् चालवत ने. मेंढरू आपल्या पायानं जावं.”

मेंढरं गेलीच, मित्रांनो. पण आबांच्या शब्दानं गेली. तेवढा फरक माझ्या साऱ्या राज्यात मला कधी देता आला नव्हता.

नंतर स्वप्नानं विचारलं, “आबा, खेळ म्होरं न्यायचा का? राजा व्हता येतंय.”

“पुलाच्या अल्याडच ठिव,” ते म्हणाले. “चरू दे त्यास्नी.”

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या माझ्यासारखे खेळ घडवाल. वाटा थोड्या ठेवा, पण ज्या ठेवाल त्या खऱ्या ठेवा. आणि घरातल्या खाटेवरच्या माणसाला काही विचारायचं असेल, तर ठरवून टाकण्याआधी विचारा. ठरवून झालं असेल तर तसं सांगा. विचारल्याचं सोंग करू नका. त्या सोंगाची लाज फार वर्षं पुरते, हे मी अनुभवानं सांगतो.

आबा संध्याकाळी मला सुरू करायला लावतात. दवंडीआधीचा माझा कळप पुलाअलीकडे चरत असतो. वेशीवरचा म्हातारा म्हणतो, आज वारा फार सुटलाय. आबा त्याला उत्तर देतात. मी मात्र पुलाजवळचा तो प्रश्न अजून गिळून बसलो आहे.