पळत ओढलेला धागा

ते साल १९७४. प्रयोगशाळेत वयाने सगळ्यात लहान म्हणून तिला सगळे धाकटी म्हणत. दोन प्लास्टिकं एकत्र वितळवून त्यांचा धागा काढायचा, हे तिचं काम. पण त्या दोघांचं जमतच नव्हतं. एकात दुसऱ्याचे थेंब नुसते वेगळे राहायचे. बारीक भोकातून रस बाहेर पडला की फुगायचा आणि खालच्या चक्रीवर गुंडाळताना पटकन तुटायचा.

"शनिवारपर्यंत एक अखंड रीळ दाखव," प्रमुखांनी बजावलं. "नाहीतर यंत्र शेजारच्या विभागाला. ते केव्हाचे टपून बसलेत."

यंत्र गेलं की तिचं सगळं संशोधनच बुडणार होतं.

"चक्री आणखी हळू फिरव," तिच्या जोडीला काम करणारा दाढीवाला म्हणाला. "ओढलं की तुटणारच ना!"

"याहून हळू? मग तू हाताने गुंडाळ, मी झोपते."

तरी तिने हळू फिरवली. धागा जास्तच तुटला.

त्या संध्याकाळी ती तोंड पाडून घरी आली. ती आत्याकडे राहायची. आत्या खिडकीतल्या टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होती, धाकटीनेच आणून दिलेल्या टाकाऊ धाग्यांनी.

"तुटतो तुटतो म्हणून रडतेस, आणि इथे हा कापताना माझी कात्री बोथट झाली!"

"कुठला गं? बघू."

"हा बारीक. ते जाडे कसले, हात लावला की तुटतात. फेकले मी."

धाकटी बघतच राहिली. यंत्र सुरू करताना धाग्याचं पहिलं टोक चिमट्यात धरून ती चक्रीकडे पळायची. पळताना ताणलेला तेवढा बारीक भाग कापून टोपलीत टाकायचा, असा रिवाजच होता. तो कुणी तपासलाच नव्हता!

"आत्या, हा सोडून नेते हं."

"अगं, माझं झाड आडवं होईल!"

"माझा रुमाल बांध त्याला."

सकाळी तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. जाड धाग्यात थेंब वाटाण्यासारखे गोल, बारीक धाग्यात तेच थेंब ताणून केसासारखे लांब झालेले. संथ ओढलं की थेंबांना पुन्हा गोल व्हायला सवड मिळत होती. वेगात ओढलं की ते ताणलेलेच गार होत होते.

तिने चक्रीचा वेग भरपूर वाढवला. दाढीवाल्याने डोळे गच्च मिटले.

"तुटला?"

"रिकामं रीळ आण. हे भरलं."

शनिवारी प्रमुखांनी धागा बोटाला गुंडाळून जोर लावला. बोट लाल झालं, धागा तसाच.

"राहू दे यंत्र इथेच," ते बोट चोखत म्हणाले.

निवृत्तीनंतर प्रमुख मासे पकडायला जात. गळाला दोरा धाकटीचाच. दाढीवाल्याने दाढी काढली आणि शेजारच्या विभागातल्या, त्या टपून बसलेल्यांपैकीच एकीशी लग्न केलं. आत्या नव्वदी ओलांडून गेली. शेवटपर्यंत तिच्या टोमॅटोंना दुसरा दोरा चालला नाही. आणि धाकटी पुढे त्याच प्रयोगशाळेची प्रमुख झाली. केस पांढरे झाले, तरी सगळे तिला धाकटीच म्हणत. नव्या माणसाच्या हातात ती पहिल्या दिवशी चिमटा द्यायची आणि म्हणायची, "हं, पळ!"