सरकलेली सबटायटल्स

अण्णांनी टीव्ही थांबवला आणि पडद्यावर बोट ठेवलं. चित्रात सहदेव उभा होता, झुबकेदार मिशांआडून काहीतरी बोलत. खाली अक्षरं होती: 'म्हाताऱ्याला ऐकू येत नाही. सही मी करून घेतो.'

"वाचलंस?" ते सुनेला, श्रुतिकाला म्हणाले. "ह्यो माझो दोस्त!"

गेल्या वर्षी आजारपणात अण्णांचं ऐकणं गेलं होतं. दिंडोशीतल्या त्यांच्या सोसायटीची पुनर्विकासाची सभा झाली, तेव्हा ते घरीच थांबले आणि त्यांच्या वतीने मुलगा सुशांत गेला. सभेचं शूटिंग झालं होतं. अण्णांना ते वाचता यावं म्हणून श्रुतिकाने ओळखीच्या एका बाईकडून सबटायटल्स लिहून घेतली आणि घरच्या कॉम्प्युटरवर कमांड देऊन ती चित्रावर चढवली. सुरुवातीचा तुकडा पाहिला, नीट वाटला, फाइल टीव्हीला लावून दिली.

आता सहदेवकाका बेल वाजवत आणि अण्णा दार उघडू देत नसत. हॉस्पिटलात याच माणसाने रोज डबा पोचवला होता. श्रुतिकाला पटत नव्हतं. तिने हेडफोन लावले आणि ती जागा पुन्हा पाहिली.

पडद्यावर काकांच्या मिशा हलत होत्या, पण कानात येत होती कुणाची तरी कुजबुज. काकांचा घोगरा आवाज तो नव्हताच. मग कुणाचा?

"काय करतेयस?" मागून सुशांतने विचारलं.

"सबटायटल्स सरकलीत रे. सुरुवातीला बरोबर आहेत, पुढे पुढे अंतर वाढतंय."

"मग राहू दे ना. झाली ती सभा."

"अण्णांनी काकांशी बोलणं टाकलंय, सुशांत."

"बोलतील यार. तू कशाला डोकं फोडतेस?" तो स्क्रीनकडे न बघता आत गेला. एरवी हाच माणूस कॉम्प्युटर बिघडला की खुर्ची ओढून शेजारी बसायचा.

सबटायटल्स नुसती पुढेमागे असती, तर फरक सगळीकडे सारखाच राहिला असता. तो वाढत होता, म्हणजे वेगातच गडबड होती. तिने कमांड परत वाचली. कॅमेऱ्याने सेकंदाला पंचवीस चित्रं घेतली होती. तिने एका वेबसाइटवरून उचललेला '-r 24' हा पर्याय मात्र मूळ फाइलच्या नावाआधी पडला होता. तो नंतर असता, तर बाहेर पडणाऱ्या व्हिडिओत फक्त चित्रं कमी झाली असती. आधी लिहिल्यामुळे प्रोग्रॅमने मूळ चित्रंच सेकंदाला चोवीस धरली. चित्र संथ झालं, आवाज आणि अक्षरं आपल्या वेगाने पुढे निघून गेली. अण्णांना ऐकू येत नसल्यामुळे आवाजातला फरक कळणार कसा?

तिने तो पर्याय काढून टाकला आणि कमांड पुन्हा चालवली.

नव्या फाइलमध्ये ते वाक्य आलं तेव्हा चित्रात टेबल होतं, टेबलावर माइक, मागे सेक्रेटरी राजेश. आणि त्याच्या कानाशी वाकलेला सुशांत.

तिने तीनदा मागे नेऊन पाहिलं. मग फाइल पुसून टाकावी असंही तिच्या मनात आलं. पण खाली बेंचवर एकटे बसणारे सहदेवकाका तिला खिडकीतून दिसत होते.

दुसऱ्या दिवशी तिने नवी फाइल लावून अण्णांना टीव्हीसमोर बसवलं. ते बघत राहिले आणि मग तिच्याकडे वळले.

"काल सहदेव, आज सुशांत. उद्या कोण? तुमचा नवरा-बायकोचा काय बिनसलाहा?"

तिने काही लिहून दाखवलं नाही. सबटायटल्स नसलेली मूळ फाइल लावली आणि रिमोट त्यांच्या हातात दिला. ऐकणं गेल्यापासून अण्णा घरच्यांचेच तेवढे ओठ वाचायला शिकले होते. मुलाचे सगळ्यात चांगले.

त्यांनी ते दृश्य एकदाच पाहिलं.

संध्याकाळी सुशांत आला. अण्णांनी त्याला समोर बसवलं. "बिल्डरचो कागद घेवन ये. मी वाचून ठरवतलंय."

"अण्णा, तुम्हाला उगाच त्रास नको म्हणून..."

"तोंड वर करून बोल," अण्णा म्हणाले. "खाली बघून बोललास तर माका कळणा नाय."

सुशांतने मान वर केली. मग तो कागद आणायला उठला. जाताना त्याने श्रुतिकाकडे पाहिलं, आणि तिने नजर वळवली नाही.

अण्णा चपला घालून सहदेवकडे निघाले होते.