पत्र्याच्या खुराड्यातली उघडी मान

मी उघड्या मानेची कोंबडी बोलतेय. आधी हसून घ्या. मानेवर एक पीस नाही, नुसती लालबुंद कातडी. एकदा एक गिधाड कुंपणावर उतरून "काय ताई, घरचे सगळे बरे ना?" म्हणून विचारून गेलं. आता बोला!

माझा मालक पत्र्याचं काम करतो. डबे, पन्हळी, कोठ्या. मालकिणीच्या मनात एकच होतं: घरच्या कोंबडीनं उबवलेली पिलं अंगणात दुडुदुडु फिरावीत. म्हणून दोघं बाजारात आली.

"वहिनी, आपल्याकडे ऊन मरणाचं. ही उघड्या मानेची न्या. अंगाला वारा लागतो हिच्या, टिकते," विकणारा म्हणाला.

"पैसे मोजून गिधाडं आणू होय घरात?" मालक म्हणाला, आणि त्याचं बोट गेलं थंड मुलखातल्या गुबगुबीत जातीवर. गळ्यात मफलर, पायांत मोजे, अंगावर जन्मजात दुलई! मला विकणाऱ्यानं वर एक म्हणून फुकट टाकलं.

"अहो, खुराडं जाळीचं करा. झाडाखाली ठेवू," मालकीण म्हणाली.

"पत्रेवाल्याच्या दारात जाळी? गिऱ्हाईक काय म्हणेल?"

झालं! छत पत्र्याचं, भिंती पत्र्याच्या, पाण्याचं भांडंही पत्र्याचं. आणि उभं केलं भर उन्हात, रस्त्यावरून दिसावं म्हणून. दुपारी आत असं तापायचं, की मी घातलेलं अंडं खाली टेकेपर्यंत उकडून निघायचं. खोटं वाटत असेल तर मालकिणीला विचारा. मीठ घेऊनच यायची ती.

गुबगुबीत बाया चोची वासून, पंख पसरून धापा टाकायच्या. एकेक करत आडव्या झाल्या. उरला त्यांच्याबरोबर आणलेला कोंबडा. त्यानं मला कधी जवळ केलं नव्हतं, दिसले की चोच मुरडायचा. शेवटच्या दुपारी मात्र माझ्या सावलीत येऊन बसला. माझी सावली ती केवढी! संध्याकाळी उठलाच नाही.

"तू पाणी ठेवलं नसशील," मालक बायकोवर घसरला.

"ठेवलं होतं. त्याचा चहा झाला होता."

आता मी एकटी. अंडी घालते आणि त्यांच्यावर बसून राहते. मालकीण येते, माझ्या पोटाखाली हात घालून चाचपते. "ऊठ गं बाई. कोंबड्याशिवाय पिलं कुठून निघणार?" म्हणते. पण अंडी काही उचलत नाही.

तिकडे मालक ठोकतोय, ठण ठण ठण. नवं खुराडं, याहून मोठं. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, "आता अजून दाट पिसांच्या आणतो. जाड पिसांनी ऊन अडतं. आणि कोंबडा नकोच, उगाच आरवतो." ते ऐकलं की मालकीण माझ्याजवळ येऊन गुडघ्यात मान घालून बसते.

तुम्ही कोंबडी आणायला निघालात, तर तिचं रूप पाहू नका, आपलं ऊन पाहा. माझ्यासाठी मात्र धावत येऊ नका. अंडी गरम आहेत. इथं सगळंच गरम आहे. जीव तेवढा कशात नाही.